ड्रमकारा विकणे आहे

३ सप्टेंबर १९५८, बुधवार

आज डब्लिनच्या पेपरात आमच्या घराची, ड्रमकाराची, जाहिरात आली. चौथ्या पानावर, एक ट्रॅक्टर आणि संधिवाताचं मलम यांच्या मधोमध. "वेस्टमीथ परगण्यात ऐतिहासिक निवासस्थान विकणे आहे. बांधकाम सन १७४२. चौदा शयनगृहं, नाचाचं दालन, दोनशे एकर जमीन, तळं, भिंतीआडची बाग, बीच वृक्षांचा पाऊण मैलांचा रस्ता." मी तीनदा वाचली. चौदांपैकी सहा खोल्यांत पाऊस येतो, नाचाच्या दालनात १९१४ नंतर कुणी नाचलेलं नाही आणि ऑगस्टमध्ये तळ्याला वास मारतो. मलिंगारचे दलाल मिस्टर कॉस्टिगन म्हणाले, जाहिरातीत खोटं काहीच नाही, फक्त सगळं सांगितलेलं नाही.

डेलियानं पेपर नाश्त्याच्या टेबलावर उलटा घडी घालून ठेवला होता. डेलिया मॅकगॅन आमची स्वयंपाकीण. बत्तीस वर्षं इथं आहे. एके काळी घरात एकोणीस माणसं कामाला होती. आता ती आणि मालाकी टिअर्नी. मालाकी गायी, कुंपणं, बंब आणि माझी मोटार बघतो. बाकी सगळं डेलिया.

जुलैमध्ये दोघांना समोर उभं करून सांगितलं तेव्हा मी छपराचं कारण दिलं. "छपरानं मला हरवलं," असं म्हणाले. डेलियानं ॲप्रन डोळ्यांना लावला. मालाकीनं टोपी काढली ती बराच वेळ घातलीच नाही.

ते कारण खोटं होतं. निदान या वहीत तरी खरं लिहिते. वकिलांनी स्पष्ट सांगितलंय की जमीन खंडानं दिली तर अजून दहा वर्षं आरामात निघतील. मला ती दहा वर्षं नको आहेत. मी एकसष्ट वर्षांची आहे. आई फेब्रुवारीत गेली, नव्वदाव्या वर्षी. त्या सकाळी मी तीन टोस्ट खाल्ले आणि चौथा मागितला. डेलियाला वाटलं, दुःखानं माझं डोकं फिरलं.

माझी मैत्रीण एनिड, तिचं पत्र उशीखाली आहे. डब्लिनजवळच्या डन लेअरीत, तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, औषधांच्या दुकानावर दोन खोल्या रिकाम्या आहेत. एकीच्या खिडकीतून बंदर दिसतं, दुसरीतून रस्ता. घरमालकीण एकतीस ऑक्टोबरपर्यंत थांबायला तयार आहे, पुढे नाही. १९१८ साली सहा महिने मी डब्लिनमध्ये एनिडबरोबर जखमींसाठी पट्ट्या गुंडाळायचं काम केलं होतं. त्या सहा महिन्यांत, कुठे होतीस, असं मला कुणी विचारलं नाही. मग माझा भाऊ ह्यू फ्रान्समध्ये लढाईत मारला गेला आणि वडिलांचं दोन ओळींचं पत्र आलं. मी परत आले. दोन आठवड्यांसाठी.

हे डेलियाला कोणत्या तोंडानं सांगू? जिनं सगळा जन्म या घरासाठी वेचला तिला म्हणू, की मला इथून पळायचंय? त्यापेक्षा छप्पर बरं. छपराला दोष दिला तर कुणाचं मन दुखत नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

कुणी आलं नाही. टपालात फक्त चर्चमध्ये फुलं लावायच्या पाळ्यांची यादी. बीच वृक्षांच्या रस्त्यानं फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. एका जागी बसवत नाही. पुस्तक उघडलं की त्याच पानावर अर्धा तास जातो.

मालाकीनं तळ्यातून हातभर लांब मासा पकडला. मी स्वयंपाकघरात शिरले तेव्हा तो आणि डेलिया डोक्याला डोकं लावून कुजबुजत होते. मला बघून दोघंही गप्प. या आठवड्यात हे तिसऱ्यांदा झालं. मी विचारलं, काय चाललंय? डेलियाचा चेहरा लालबुंद.

"माशाचं बोलत होतो, मिस लेटी," मालाकी म्हणाला. "बाहेर ठेवला तर किती दिवस टिकेल ते."

मालाकीची बायको जाऊन दहा वर्षं झाली. डेलिया त्रेपन्न वर्षांची, अजून अंगापिंडानं घट्ट. अशा गोष्टी माझ्या उशिरा लक्षात येतात, पण मी आंधळी नाही. लग्नाला आईची चांदीची चहादाणी द्यावी म्हणते. आणि हे जमलं तर माझ्या मनावरचं अर्धं ओझं उतरेल. दोघांना एकमेकांचा आधार असेल.

११ सप्टेंबर, गुरुवार

पहिलं गिऱ्हाईक. मेजर थ्रोकॉर्टन आणि त्यांची बायको, भारतातून आणि नंतर मलायातून परतलेले, इंग्लंडमधल्या करांना कंटाळलेले. मेजरना तळं आवडलं. बाईंनी जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवला, तेव्हा मला वाटलं, झालं. मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली होती.

मग दिवाणखाना उघडला. तो वास मला शब्दांत सांगता येणार नाही. बाईंनी हातमोजा नाकाला लावला. मेजरनी विचारलं, "जमिनीखाली काही मेलंय का?" मी म्हणाले, असं कधीच होत नाही. मालाकी मागेच उभा होता. तो फार आदबीनं म्हणाला, "अधूनमधून होतं, साहेब. पण माणसाला सवय होते."

चहाला ते थांबले नाहीत.

ते गेल्यावर मी मालाकीला फळ्या उचकटून बघायला सांगितलं. त्यानं दोन तास लावले आणि काही सापडलं नाही म्हणाला. वास मात्र संध्याकाळपर्यंत गेला. विचित्रच.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

जेवायला अंडी. डेलिया कॅथलिक, शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून मासा केल्याशिवाय राहत नाही, म्हणून सोमवारच्या माशाचं विचारलं. मांजरानं नेला म्हणाली. आमचं मांजर चौदा वर्षांचं आहे आणि त्याला तीन दात आहेत. बिचाऱ्याला म्हातारपणी चांगला दिवस मिळाला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आठवडाभर कुणी नाही. एनिडला लिहिलं की अजून काही ठरलं नाही. पत्र टाकायला सायकलनं गावात गेले. मोटारनं जाता आलं असतं, पण पाय कुठेतरी चालवायचे होते.

आईची खोली आवरायला घेतली आणि सोडून दिली. कपाटात तिच्या टोप्या ओळीनं आहेत. मी चाळीस वर्षं रोज सकाळी दहाला या खोलीत येऊन हवामान कसं आहे ते सांगत असे. तिला खिडकीतून दिसत असे, तरी मी सांगायचं. आता कुणालाच सांगायचं नाही तरी दहा वाजले की पाय जिन्याकडे वळतात. या घराचा मला राग नाही, हे लिहून ठेवते. पण आणखी एक हिवाळा इथं काढायचा याला माझी तयारी नाही.

डेलिया मला जास्तच जपते आहे. अंथरुणात आता एकाऐवजी दोन गरम पाण्याच्या बाटल्या असतात. काल दारातून जाताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. मला कळेना काय करावं, म्हणून मी म्हणाले, आज वारा पश्चिमेचा आहे.

२७ सप्टेंबर, शनिवार

हे मला लिहवत नाही, पण लिहिते.

मिस्टर दे व्राइस नावाचे डच गृहस्थ येणार होते. ट्यूलिपचे कंद पिकवतात; त्यांना भिंतीआडची बाग आणि घरापुढची जमीन हवी होती. मिस्टर कॉस्टिगन म्हणाले होते, हा माणूस बघायला येत नाही, घ्यायला येतो. अकरा वाजता मी वरच्या खिडकीतून त्यांची मोटार फाटकातून आत शिरताना पाहिली. अर्ध्या रस्त्यावर ती थांबली. आमचा बैल रस्त्याच्या मधोमध उभा होता. मग तो खाली बसला.

हा बैल अकरा वर्षांत कधी कुरणाबाहेर आलेला नाही. मी मालाकीला हाका मारल्या. जो माणूस एका हाकेला हजर असतो तो सव्वा तास कुठे सापडेना. डेलिया म्हणाली, तो बहुतेक तळ्यापलीकडे गेलाय. मी स्वतः छत्री घेऊन निघाले, तर तिनं दारात मला अडवलं. "त्या जनावराला छत्री आवडत नाही, मिस लेटी," म्हणाली. हे तिला कसं माहीत ते मी विचारलं नाही.

शेवटी मोटार तो अर्धा रस्ता उलटी गेली. मागे बघत, वेडीवाकडी, फाटकापर्यंत. मी तिथंच पायरीवर बसले.

मालाकी दुपारी आला. फाटकाची कडी गंजून तुटली म्हणाला. मी जाऊन पाहिली. कडीला गंज नव्हता, उलट ताजं तेल लावलेलं होतं. म्हणजे तेलामुळे निसटली असणार.

२९ सप्टेंबर, सोमवार

मिस्टर दे व्राइसनी कॉर्क परगण्यात घर घेतलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

मिस्टर कॉस्टिगन स्वतः आले. मोठ्या मनाचा माणूस आहे, पण आज घाम पुसत होता. मलिंगारच्या बाजारात लोक बोलतात म्हणे, की ड्रमकारा विकलेलं म्हाताऱ्या मिसेस प्युरफॉयना, म्हणजे माझ्या आईला, चालणार नाही आणि त्या अजून घरातच आहेत. मी विचारलं, असं कोण म्हणतं? ते जरा घुटमळले. म्हणाले, त्यांनी डेलियाला बाजारात गाठून विचारलं, तर ती काही बोलली नाही, फक्त क्रूसाची खूण केली आणि कोबी घेऊन निघून गेली.

डेलिया भाविक आहे. ती बेकरीसमोरही क्रूसाची खूण करते. पण माझ्या अंगावर काटा आला हे खरं. वास, बैल आणि आता हे. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. पण आईची जिद्द मला माहीत आहे. मला १९१८ मध्ये तिनं एकदाही "जाऊ नकोस" म्हटलं नव्हतं. तिला नुसतं बरं वाटेनासं झालं होतं.

एनिड लिहिते, घरमालकीण विचारत होती. आणखी पंचवीस दिवस.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज जे झालं ते नीट क्रमानं लिहायचा प्रयत्न करते.

सकाळी मिस्टर कॉस्टिगनचा फोन आला की दुपारी दोन नन येतील. पोलिओतून उठलेल्या मुलांसाठी त्यांना घर हवंय: तळमजल्यावर मोठ्या खोल्या, मोकळी हवा. आमच्या प्रॉटेस्टंट घराण्यानं दोनशे वर्षं कॅथलिकांना फक्त मागच्या दारानं आत घेतलं. आईला कळलं असतं तर ती दुसऱ्यांदा मेली असती. मला मात्र घर घेणार असेल तर सैतानही चालला असता.

मी डेलियाला सांगायला गेले. ती पीठ मळत होती. "नन?" म्हणाली. "खऱ्या?" मग तिनं मालाकीकडे पाहिलं आणि मालाकीनं खिडकीबाहेर. मला वाटलं, आपल्या धर्माच्या बायका येणार म्हणून तिला दडपण आलं.

मदर बेनिग्नस केरी परगण्याच्या. बुटक्या, पुरुषांसारखे जाड तळाचे बूट, डोळे मात्र असे की समोरच्यानं खिशातलं सगळं बाहेर काढून ठेवावं. बरोबर एक तरुण सिस्टर वही घेऊन. नाचाच्या दालनात मदरनी पावलांनी लांबी मोजली आणि म्हणाल्या, पंचवीस खाटा. मालाकीनं तळ्याचं काढलं, की लहान मुलांना ते फार वाईट. मदर म्हणाल्या, "कुंपण घालू. तूच घालशील, छान घालतोस असं दिसतंय."

मग त्यांनी स्वयंपाकघर बघायचं म्हटलं, आणि तिथं मला येऊ दिलं नाही. "दोन बायकांचं बोलणं आहे," म्हणाल्या. मी बाहेर बोळात तरुण सिस्टरबरोबर उभी. आत दहा मिनिटं गेली. आतून डेलियाचा आवाज आला आणि मग रडणं.

मदर बाहेर आल्या आणि मला थेट दिवाणखान्यात घेऊन गेल्या. दार पूर्ण लावलं नाही. ते कधीच पूर्ण लागत नाही.

"मिस प्युरफॉय," त्या म्हणाल्या, "तुमच्या माणसांना हे घर विकलं जायला नको आहे. त्यांनी काय काय केलं ते मला कळलं. ते मी तुम्हाला सांगणार नाही, तेच दोघं सांगतील. मला वाटतं, एका बाईच्या डोक्यावरचं छप्पर हिसकावून मी मुलांना आसरा द्यावा हे देवाला आवडणार नाही. म्हणून विचारते. तुम्हाला विकायचंय का?"

बावीस जुलैपासून वकील, दलाल, पाद्री, चुलतभाऊ, सगळ्यांनी मला विचारलं होतं की किती, कधी, कुणाला. हे कुणी विचारलं नव्हतं.

मी म्हणाले, "हो. मला जायचंय. छप्पर हा बहाणा होता. मला चाळीस वर्षांपासून जायचंय."

दारात कपबशा वाजल्या. डेलिया ट्रे घेऊन उभी होती. तिनं ट्रे टेबलावर ठेवला, मदरना आधी चहा दिला, मग सिस्टरना, मग मला. दूध ओतताना तिचा हात अजिबात हलला नाही. मग ती गेली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

डेलिया बोलत नाही. जेवण वेळेवर येतं. अंथरुणात एकही बाटली नाही.

मालाकीला गाठलं. त्यानं टोपी हातात फिरवत सगळं सांगितलं. मासा फळ्यांखाली त्यानं ठेवला होता. बैलाला त्यानं बादली दाखवत रस्त्यावर आणलं होतं. बाजारातली गोष्ट डेलियाची. "आम्हाला वाटलं, घर गेलं की तुम्ही टिकणार नाही, बाईसाहेब," तो म्हणाला. "डेलिया म्हणाली, खेचून काढलेलं झाड कुठे जगतं. आम्ही दोघांनी ठरवलं, छपराचं बघू कसंतरी, मी छपराच्या दगडी स्लेटी बसवायला शिकलो असतो." तो खरंच शिकत होता. गाडीखान्याच्या छपरावर त्यानं चार रांगा बसवल्या आहेत. मी त्या पाहिल्या होत्या आणि त्यावर एकदाही विचार केला नव्हता. मीही त्याला सांगून टाकलं, की त्यांच्या कुजबुजीचा अर्थ मी लग्न असा घेतला आणि चहादाणी द्यायचं ठरवलं होतं.

मी सहा आठवडे घराला, वाऱ्याला आणि मेलेल्या आईला दोष देत बसले होते.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

शेवटी मीच स्वयंपाकघरात गेले. डेलिया बटाटे सोलत होती. मी उभी राहिले. आमच्या घराण्यात माफी मागायची पद्धत नव्हती. घसा साफ करून दुसरा विषय काढायचा एवढंच मला शिकवलेलं. तरी मी कसंबसं म्हणाले की मी खोटं बोलले ते तुला दुखवू नये म्हणून.

डेलियानं सुरी खाली ठेवली नाही. "मला दुखवू नये म्हणून," ती म्हणाली. "मी फेब्रुवारीपासून जिन्याखाली उभी राहून कान देते, मिस लेटी. तुम्ही रडताय का ते ऐकायला. आणि तुम्ही तर वर खोलीत इथून निघायची तयारी करत होतात."

मी म्हणाले, मला वाटलं तुझं सगळं आयुष्य हे घर आहे.

"कुणी सांगितलं?"

मग ती बोलायला लागली, बटाट्याकडे बघत, आवाज न चढवता. एकतीस सालच्या नोव्हेंबरात तिच्या बहिणीनं, रोझनं, बॉस्टनहून जहाजाचं तिकीट पाठवलं होतं. तिथं एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात जागाही बघून ठेवली होती. डेलियाची ट्रंक बांधून झाली होती, सोमवारी निघायचं होतं. शनिवारी माझे वडील वारले.

"तुम्ही इथं खाली आलात," डेलिया म्हणाली. "आधी कधी आला नव्हतात. त्या खुर्चीवर बसलात आणि म्हणालात, 'आता आपलं कसं होणार, डेलिया?' 'आपलं' म्हणालात. 'माझं' नाही म्हणालात. मला आजवर या घरात कुणी 'आपलं' म्हटलं नव्हतं. मी वर गेले न् ट्रंक सोडली."

मला ते आठवत नाही. मी खूप आठवायचा प्रयत्न केला, आताही करते आहे. वडिलांची शवपेटी आठवते, पाऊस आठवतो, आईची काळी लेस आठवते. ती खुर्ची आठवत नाही. एका शब्दावर एक बाई सत्तावीस वर्षं थांबली आणि तो शब्द मी सहज टाकला होता, दारात छत्री टाकावी तसा.

आईनं मला "जाऊ नकोस" म्हटलं नव्हतं. मीही डेलियाला म्हटलं नव्हतं.

मी विचारलं, "तुला काय हवंय, डेलिया?"

"बत्तीस वर्षांनी विचारलंत. उत्तर लगेच कुठून तयार असणार? आधी बटाटे होऊ द्यात."

मग, मी दाराशी पोचल्यावर: "आणि मालाकीनं सांगितलं मला, तुम्हाला काय वाटत होतं ते. चहादाणीचं." मी म्हणाले, मला खरंच वाटलं होतं की तुमचं जमतंय. "मालाकीशी?" डेलिया म्हणाली. "एक वेळ त्या बैलाशी करीन." तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. पण तेवढंच. अजून तिनं मला माफ केलेलं नाही आणि मी घाई करणार नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

सह्या झाल्या. नन नाताळानंतर येतील. तोवर डेलिया आणि मालाकी इथंच, आणि पुढेही. मदर बेनिग्नसनी दोघांनाही मागून घेतलं. डेलियानं त्यांना अटी घातल्या, त्या मला सिस्टरकडून कळल्या: स्वयंपाकघरात तिचा शब्द शेवटचा, हाताखाली दोन मुली, रविवारची दुपार मोकळी आणि येत्या वसंतात आठ आठवड्यांची रजा. रजा कशाला ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला कळावं असं तिला वाटेल तेव्हा कळेल.

३० ऑक्टोबर, गुरुवार

उद्या सकाळच्या गाडीनं. दोन ट्रंका, ह्यूचा फोटो, आईच्या टोप्यांपैकी एकही नाही.

दुपारी सगळ्या खोल्यांतून एकदा फिरले. रडायला येईल अशी तयारी ठेवली होती. आलं नाही. भिंतीआडच्या बागेत उन्हात भिंत ऊब धरून होती, तिला पाठ टेकून बसले, एवढंच. भीती वाटते आहे. चाळीस वर्षं एखादी गोष्ट हवी असली की ती मिळेल या भीतीची तयारी कुणी करत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार. डन लेअरी

आई अखेरपर्यंत या गावाला जुन्या इंग्रजी अमलातल्या नावानं किंग्जटाउन म्हणायची. मी पहिले आठ दिवस खिडकीशीच बसून राहिले. बोट येते, बोट जाते, खाली दुकानाची घंटी वाजते, कुणीतरी खोकल्याचं औषध मागतं. पहिला आठवडा मला हे सगळं पुरलं. दुसऱ्यात एक गोष्ट लक्षात आली. मला काहीच करता येत नाही. चूल पेटवता येत नाही, भात चिकट होतो, गादीवरची चादर माझ्याच्यानं ताणली जात नाही. एनिड हसते आणि मग स्वतःच करायला लागते, तेव्हा मी तिला घरी पाठवते. काल मला दहा वाजता उठून कुणाला तरी हवामान सांगावंसं वाटलं. शेवटी खाली जाऊन औषधवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "हो, दिसतंय."

परत जावंसं वाटत नाही. पण बरं वाटतं असंही रोज वाटत नाही. डेलियाला पत्र लिहिलं. उत्तर नाही.

९ मे १९५९, शनिवार

डेलिया आली.

दोन ओळींचं कार्ड आलं होतं, की बुधवारी कोव्ह बंदरातून बोट आहे, बॉस्टनला जाते आहे, रोझ अजून आहे आणि भांडायला तयार आहे. त्याआधी शनिवारी डब्लिनला पासपोर्टचं काम आहे, तर चार वाजता येईन. मी सकाळपासून तीनदा जमीन पुसली.

ती नवा निळा कोट घालून जिना चढून आली, धापा टाकत, आणि कोट न काढता खिडकीशी बसली. मी तिला कधी बसलेलं पाहिलं नव्हतं, असं म्हणायला हरकत नाही. स्वयंपाकघरातही ती उभीच असायची. तिनं खोलीभर नजर फिरवली. पडद्याची शिवण उलटी आहे हे तिला दिसलं, मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. ती काही बोलली नाही.

मग गप्पा. नाचाच्या दालनात पंचवीस खाटा आहेत. एक मुलगी, पायाला लोखंडी पट्ट्या बांधलेली, रोज स्वयंपाकघरात येऊन डेलियाला गणितं घालते. मालाकीनं तळ्याभोवती कुंपण घातलं आणि आता छपरावरच असतो. बैल विकला. दिवाणखान्यातला वास पावसाळी दिवसांत अजून येतो, मदर बेनिग्नसनी त्यावर प्रार्थना करून पाहिली.

मी चहा केला. ती बघत होती. किटली उकळायच्या आधीच मी पाणी ओतलं, पत्ती जास्त पडली, झाकण हातातून निसटून खाली गेलं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते आणि बोटं एकमेकांत इतकी घट्ट अडकवलेली की पांढरी पडली होती. ती उठली नाही. तिला उठायला किती वाटत होतं ते मला दिसत होतं, आणि ती उठली नाही.

मी कप तिच्या हातात दिला. तिनं एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात ठेवला.

"आवडतं इथं?" तिनं विचारलं.

"बहुतेक दिवस," मी म्हणाले. "तुला भीती वाटते का, बुधवारची?"

"वाटते ना." बंदरातून संध्याकाळची बोट निघत होती, ती धक्क्याच्या भिंतीपलीकडे जाईपर्यंत आम्ही दोघी बघत होतो. मग डेलियानं कोटाची बटणं एकेक करून काढली, कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि कप माझ्यापुढे धरला.

"भयंकर झालाय," ती म्हणाली. "आणखी द्या, लेटी."